गावरान कोंबडीची ठेव कोणाच्या नावावर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे बर्ड फ्लूने सहा हजारांवर कोंबड्या दगावल्या. साथ आली की बाधित जागेभोवतीचे सारे पक्षी मारावे लागतात. शेडमधले आणि अंगणातलेही. शेड रिकामी झाली, तर आज ना उद्या कंपनीची पिल्ले पुन्हा येतात. गावरान कोंबडीची पिल्ले कोणती कंपनी पाठवणार? भरपाई पक्ष्याची मिळते, वाणाची नाही.

गाईचा वाण रेतमात्रांच्या रूपाने द्रवरूप नत्रात राखता येतो. कोंबडीचे तसे नाही. बलक एवढा मोठा, की अंडे गोठवून पुन्हा उबवता येत नाही. कोंबड्याचे रेत गोठवले, तर अंडी कमी फळतात. शिवाय मादी ठरवणारे गुणसूत्र त्यात नसतेच.

यावर तोड निघाली आहे. अंडे उबवू लागल्यावर तिसऱ्या दिवशी गर्भाच्या रक्तात जननपेशी फिरत असतात. पुढे त्यांच्यापासूनच अंडी व रेत बनते. त्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता येतात, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले. वाढवाव्यात, गोठवाव्यात आणि हव्या तेव्हा दुसऱ्या कोंबडीच्या गर्भात टोचाव्यात. स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेने २०२१ मध्ये अशा पालक पक्ष्यांकडून दुसऱ्याच जातीची शुद्ध पिल्ले मिळवली. २०२५ मध्ये कोलोसल या अमेरिकी कंपनीने कबुतराच्या जननपेशी वाढवल्याचे जाहीर केले. तिला सतराव्या शतकात संपलेला डोडो परत आणायचा आहे!

मेलेल्या डोडोसाठी पैसा आहे. मग आमच्या अंगणातल्या जित्या कोंबडीसाठी का नसावा?

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ते आमच्या दारी यावे, हीच मागणी आहे. पण हिशेब आधी ठरावा. बियाण्यावरचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला. कोंबडीच्या वाणासाठी तसा कायदा नाही. पेशी एकदा टाकीत गेल्या, की टाकीवाला मालक आणि पिढ्यान्‌पिढ्या वाण जपणारी घरची बाई मात्र परकी, असे होता कामा नये.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. सहाही तालुक्यांत गावरान कोंबड्यांची गाववार नोंद व्हावी. पुढची साथ येण्याआधी त्यांच्या जननपेशी सरकारी खर्चाने राखल्या जाव्यात. प्रत्येक ठेवीवर गावाचे नाव असावे आणि गरज पडेल तेव्हा त्या गावाला पिल्ले विनामोबदला मिळावीत.

ठेव आमची, तर पासबुकही आमच्याच नावाचे हवे.