रांगेतील आप्तेष्ट

दिवाळीची अथवा मे महिन्याची सुट्टी लागली आणि मुंबई-पुण्याची कुटुंबे खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’सारख्या मनोरंजन-उद्यानांकडे गाड्या भरभरून लोटू लागली की, परतलेल्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून एकच फिर्याद ऐकू येते: पाळणे उत्तम, व्यवस्था चोख, पण माणसे! या फिर्यादीच्या पाठोपाठ निवाडाही ठरलेलाच असतो की, आपल्या लोकांना मुळी रांगेत उभे राहण्याचा संस्कारच नाही, परदेशात असले काही खपवून घेत नाहीत. फिर्याद खरी आहे. निवाडा मात्र मला मान्य नाही.

परदेशाचेच म्हणाल तर, अशा सर्व उद्यानांचा आदिपुरुष मानल्या जाणाऱ्या डिस्नेलँडचा पहिलाच दिवस घुसखोरांनी नासवला होता. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी ते उद्यान केवळ निमंत्रितांसाठी उघडले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रे दाखवून हजारो अनाहूत आत शिरले आणि उपाहारगृहांतील अन्नसुद्धा संपले. पुढे अपंग व्यक्तींना ताटकळावे लागू नये म्हणून त्याच संस्थेने ठेवलेल्या सवलतीचा धडधाकटांनी इतका गैरफायदा घेतला, अपंग व्यक्तीला रोजाने सोबत घेऊन रांग चुकवणाऱ्या धनिकांच्या बातम्या वृत्तपत्रांत इतक्या झळकल्या की, २०१३ साली ती पद्धत मोडून दुसरी आणावी लागली. आणि २०२४ साली तिच्याही अटी कडक करून, खोटे सांगून सवलत उपटणाऱ्यास उद्यानाचे दरवाजे कायमचे बंद होतील, अशी तंबी द्यावी लागली. तेव्हा लबाडीच्या सात-बारावर आपले एकट्याचेच नाव लागलेले आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता आपल्याकडे पाहा. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरास विठ्ठलाच्या दर्शनाची बारी पत्राशेड ओलांडून गोपाळपूरच्या बाजूस लांबत जाते, आणि तीत उभा असलेला वारकरी पावसात, चिखलात, प्रसंगी रात्र काढून, तासन् तास पावलापावलाने पुढे सरकत राहतो. ओळखीपाळखीने थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचणारे महाभाग तेथेही आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु बारीतल्या सामान्य माणसाचे वर्तन डोळ्यांनी पाहिलेल्या कोणासही, या समाजाला रांगेत उभे राहता येत नाही, असे म्हणण्याचा धीर होणार नाही. तेथे पुढचाही माउली असतो आणि मागचाही माउलीच असतो. लघुशंकेसाठी बाहेर गेलेला म्हातारा परत आला तर मागचीच मंडळी हात धरून त्याला त्याच्या जागी घेतात, कारण तो इतका वेळ तेथे उभा होता हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. त्याच्या जागेचे साक्षीदार परके असतात, आणि म्हणूनच ती साक्ष ग्राह्य धरली जाते.

उद्यानातील रांग मोडते ती आप्तेष्टांच्या साक्षीने. तेथे रांग मोडणारा मनुष्य माझ्या पाहण्यात तरी क्वचितच उर्मट अथवा दांडगट असतो. बहुतेक वेळा तो अत्यंत कुटुंबवत्सल, परोपकारी, आपल्या माणसांना ऊन लागू नये म्हणून स्वतः उन्हात उभा राहणारा असा सद्गृहस्थ असतो, आणि घोटाळा नेमका येथेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका उद्यानात, एका मोठ्या पाळण्याच्या रांगेत, माझ्यापुढे थोड्या अंतरावर पन्नाशीचे एक गृहस्थ एकटेच उभे होते. खांद्याला दोन पिशव्या, काखेत पाण्याची बाटली, डोक्यावर नातवाची असावी अशी लहानशी टोपी. तासाभरात त्यांनी पुढच्या-मागच्यांशी छान ओळख करून घेतली, धाकट्या भाच्याच्या बारावीच्या गुणांपासून पुतणीच्या साखरपुड्यापर्यंत सर्व हकीकत सांगितली, एका रडणाऱ्या परक्या मुलाला गोळीही दिली. शेवटचे वळण आले आणि त्यांनी हात उंच करून साद घातली, “ए चिनू, इकडे, इकडे! सगळ्यांना घेऊन ये!” त्यासरशी पलीकडच्या सावलीतून, हातांत भेळेचे पुडे आणि शीतपेयांचे पेले घेऊन, लोखंडी नळीखालून वाकत वाकत एकामागून एक दहा माणसे आत आली: दोन वहिन्या, एक मावशी, जावई, आणि बाकी सर्व बालगोपाळ. “एकत्रच आहोत हो आम्ही,” ते मागे वळून हसतमुखाने म्हणाले; आणि त्यांच्या मुद्रेवर अपराधाची पुसटशीही छटा नव्हती, कारण आपण काही अपराध केला आहे अशी त्यांची कल्पनाच नव्हती. त्यांच्या लगत मागे सातारा-कऱ्हाडकडचे वाटणारे एक नवविवाहित जोडपे होते. त्यातील तरुणाने काही बोलण्यासाठी तोंड उघडले मात्र, तोच पत्नीने त्याचा दंड हलकेच दाबला. “अहो, जाऊ द्या ना. कशाला उगाच?”

त्या क्षणी त्या गृहस्थांनी कोणाचे काय घेतले, याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. पाळणा ताशी सहाशे माणसे वाहून नेत असेल, तर मिनिटाला दहा माणसे झाली. म्हणजे दहाजण मध्ये शिरल्याने मागच्या प्रत्येकाचे एकच मिनिट गेले, आणि एका मिनिटासाठी भांडण करणारा मनुष्य चारचौघांत क्षुद्र ठरतो. परंतु मागे तीनशे माणसे असतील तर ती तीनशे मिनिटे झाली, म्हणजे पुरते पाच तास. एखाद्याच्या सुट्टीच्या दिवसातले पाच तास कोणी उघडपणे हिरावून घेतले असते तर पोलीस पाटलापर्यंत प्रकरण गेले असते. तेच पाच तास तीनशे ठिकाणांहून मिनिटामिनिटाने गोळा केले तर ना ओरड होते ना दाखल-दफ्तर. ताटकळण्याचे गणित शास्त्रशुद्धपणे मांडणारा पहिला मोठा अभ्यासक, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एर्लांग, याने १९०९ साली आपला निबंध प्रसिद्ध केला तो टेलिफोनच्या जोडण्यांसंबंधी होता. त्याच कोपनहेगनात १८४३ पासून तिवोली हे जगप्रसिद्ध विहारोद्यान चालू आहे; तेथे हा गणिती जात असेल काय आणि गेल्यास रांगेत काय पुटपुटत असेल, असा एक निरर्थक विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हिशोब काहीही असो, तो मागणारा कोणी नसतो. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आपल्या सहकाऱ्यांकरवी रेल्वेच्या तिकीटखिडक्यांसारख्या ठिकाणच्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसे घुसवून पाहिली होती; त्यांच्या मृत्यूनंतर, १९८६ साली, तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घुसखोर तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये सभ्यपणे शिरून उभा राही. एकटाच घुसला तर निम्म्याहून किंचित अधिक प्रसंगीच कोणी हरकत घेई. दोघे मिळून घुसले तर दहांतल्या नऊ वेळा घेई. पण खरा मासला पुढे आहे. घुसखोराच्या लगत मागचे दोघे संशोधकांचेच हस्तक असून ते मुकाट उभे राहिले, की एकट्या घुसखोराविरुद्ध इतरांपैकी कोणी बोलण्याचे प्रमाण शंभरांत पाचांवर येई. म्हणजे रांगेला शिपाई नसतो, कोतवाल नसतो. जो लगत मागे उभा आहे त्यालाच त्या घटकेपुरती कोतवाली मिळालेली असते, आणि त्याने ती बजावली नाही तर त्याच्या मागचे तीनशेही आपापल्या मनात धुमसत गप्प राहतात.

भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले. तरीही मराठी मध्यमवर्गीय घरात ‘मुलगा भिडस्त आहे’ हे वाक्य तक्रारीपेक्षा कौतुकानेच अधिक उच्चारले जाते. त्या नवपरिणीत स्त्रीने नवऱ्याचा दंड दाबला तो याच शिकवणुकीने. एका बाजूस माया, दुसऱ्या बाजूस भीड. घरात शोभणारे हे दोन्ही गुण, आणि त्या दोहोंच्या संगनमताने मागच्या तीनशेजणांची लूट. म्हणूनच ‘कृपया रांगेची शिस्त पाळा’ ही पाटी व्यर्थ ठरते: ती वाचणाऱ्या गृहस्थास ती दुसऱ्या कोणा बेशिस्त माणसासाठी लिहिली आहे असे मनापासून वाटते, आणि त्या समजुतीनेच तो आपल्या दहा माणसांना तिच्या खालून आत घेतो.

यावर कोणी म्हणेल की, जेथे खुद्द उद्यानेच जादा पैसे घेऊन पुढे जाण्याची मुभा विकतात, तेथे बिचाऱ्या कुटुंबवत्सलास दोष का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून ठरावीक वेळेस येऊन थोडक्या प्रतीक्षेत पाळण्यात बसण्याची जी चिठ्ठी मिळे ती प्रत्येक तिकीटधारकास विनामूल्य होती. २०२१ साली तिच्या जागी पैसे मोजून घ्यावयाची व्यवस्था आली, आणि ‘एक्स्प्रेस’ तिकिटाचा प्रघात आपल्याकडेही रुळला. मनगटावर निराळ्या रंगाची पट्टी बांधलेली मंडळी शेजारच्या वाटेने झपाझप पुढे जाताना पाहून, तासभर उभ्या असलेल्या माणसाची रांगेवरील श्रद्धा डळमळते यात संशय नाही, आणि हा नजराणा मला स्वतःला मुळीच रुचत नाही. तथापि त्याचा दर फलकावर लिहिलेला असतो. येणारा मनुष्य तो वाचून, आपल्या खिशाकडे पाहून, आत यावे की न यावे हे ठरवू शकतो. चिनूची दहा माणसे कोणत्याही फलकावर नव्हती.

खरे सांगायचे तर जागा धरून ठेवण्यामागच्या अडचणी पुष्कळदा अगदी वास्तव असतात. आजीचे गुडघे तासभर उभे राहू देत नाहीत, लहान मुलाला नेमके मधल्या वळणावर शौचास होते, तान्ह्या बाळाला घेऊन एकाला बाहेर बसावेच लागते. यांवर उपायही आहेत आणि ते कोठे कोठे अमलात आहेत. बाळाला सांभाळणारा जोडीदार, पहिला परत आल्यावर, पुन्हा रांग न लावता बसू शकेल अशी आळीपाळीची सोय पाश्चात्त्य उद्यानांत आहे. सुटी राहिलेली एखाददुसरी जागा भरून काढण्यासाठी एकट्यादुकट्याची वेगळी रांगही असते. त्याचबरोबर अमेरिकेतील अनेक उद्यानांच्या नियमावलीत दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवणे हे रांग मोडण्याच्याच सदरात घातलेले असून, तसे करणाऱ्यास पैसे परत न देता बाहेर काढण्याचा अधिकार व्यवस्थापनाने राखून ठेवलेला असतो. आपल्याकडे एवढे झाले तरी पुष्कळ होईल की, सर्व मंडळी जमल्यावाचून रांगेत शिरू नये हे तोंडावरच सांगितले जावे, आणि ज्याची मंडळी आली नाहीत त्याने आपली पाळी आल्यावर ‘तुम्ही व्हा पुढे, आमचे लोक यायचे आहेत’ म्हणून मागच्यांना वाट द्यावी. मायेची किंमत मग ज्याची माया त्यालाच मोजावी लागेल.

परंतु हे सांगणार कोण? त्या दिवशी पाळण्याच्या फाटकाशी आसपासच्या गावातली वाटणारी, विशीही न ओलांडलेली एक मुलगी गणवेशात उभी होती. दहांपैकी सर्वांत धाकटा उंचीच्या पट्टीला चार बोटे कमी पडला. “काकू, डोकं पट्टीला लागत नाहीये, मला सोडता येणार नाही,” ती नम्रपणे म्हणाली. मग काय विचारता! एवढ्या लांबून आलो, पूर्ण तिकीट काढले, मागच्या पाळण्यावर कसे चालले, तू कोण सांगणारी. एरवी गोड बोलणाऱ्या मावशींनी तिला ‘ए’ म्हणून हाक मारली, जावयाने भ्रमणध्वनी काढून तिचे चित्रीकरण आरंभिले, आणि पट्टे उघडे टाकून गाडी जागच्या जागी खोळंबली. सरतेशेवटी ‘मॅनेजरला बोलवा’ ही आरोळी उठलीच. व्यवस्थापक आले, त्यांनी हसून सर्वांची समजूत घातली, मुलाला खाऊची चिठ्ठी दिली, बाकीच्या दहाजणांना पहिल्या ओळीत बसवले, आणि त्या मुलीला सर्वांदेखत, “जरा नीट बोलत जा,” असे सुनावले. ती नीटच बोलली होती.

उद्यानचालकांना बंदोबस्त करावयाचाच असेल तर तो येथून करावा. फाटकावरच्या मुलीचा शब्द हा त्या फाटकापुरता अखेरचा हुकूम समजला जावा, आणि व्यवस्थापकाने बोलावल्यावर अवश्य यावे, सर्वांना नमस्कार करावा, आणि तिने जे सांगितले तेच, त्याच शब्दांत, पुन्हा एकदा सांगून परत जावे.