विकासासाठी पक्षांतर? सांगोल्याचा दाखला पाहा



पक्ष बदलणारा प्रत्येक आमदार कारण एकच सांगतो: मतदारसंघाचा विकास. सत्तेबाहेर राहिले की निधी मिळत नाही आणि लोक घरी बसवतात, असा हा युक्तिवाद. तो खरा असता तर सांगोल्यातून गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आलेच नसते. 1962 साली ते प्रथम विधानसभेत गेले, ते शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) म्हणून; 2019मध्ये निवडणुकीतून बाजूला झाले तेव्हाही त्याच पक्षाचे होते. मधल्या काळात राज्यात शेकाप आक्रसत गेला, 1972 आणि 1995मध्ये त्यांना स्वतःलाही पराभव पत्करावा लागला. पण त्यांनी पक्ष सोडला नाही आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. कारकिर्दीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. दुष्काळी तालुक्यातल्या या मतदारांना विकास नको होता, असे कोण म्हणेल?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, 1978 आणि 1999मध्ये तेही मंत्री झालेच होते. झाले होते, पण दोन्ही वेळा शेकाप हा पक्ष म्हणून उघडपणे आघाडीत गेला होता. एकट्याने पलीकडच्या गोटात जाणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ते सत्तेत असते तर टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचे पाणी सांगोल्याला लवकर मिळाले नसते का? तसे असते तर सत्ताधारी आमदार निवडून देणाऱ्या जत, मंगळवेढा भागांना पाण्यासाठी दशकानुदशके थांबावे लागले नसते. या योजना रखडल्या त्या प्रामुख्याने निधीअभावी. आमदाराच्या पक्षाने तो प्रश्न सुटत नाही.

2022च्या सत्तांतरात बंडखोर गटासोबत गेलेले सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतल्या झाडी-डोंगरांच्या वर्णनामुळे देशभर गाजले. 2024मध्ये त्यांना हरवून शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. ते गणपतरावांचे नातू आणि लढत तिरंगी, त्यामुळे हा निकाल म्हणजे केवळ निष्ठेला मिळालेला कौल नव्हे. पण सत्तेच्या बाजूने गेले की जागा पक्की, हा समज त्याने नक्कीच खोटा ठरवला.

पक्षांतरबंदी कायदा 1985पासून आहे. मात्र त्यातली दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची सवलत आणि सभागृहाच्या अध्यक्षांच्या हाती असलेला निर्णय, या दोन वाटा मोकळ्याच राहिल्या. म्हणून मागणी साधी आहे. पक्ष बदलायचा असेल तर आमदाराने आधी राजीनामा द्यावा आणि पोटनिवडणूक लढवावी, अशी दुरुस्ती संसदेने करावी. विकासासाठीच जायचे असेल, तर ते मतदारांना विचारून जायला हरकत नसावी.

– एक वाचक, सोलापूर