माग कोणामुळे थांबला? एका तारेने उत्तर मिळणार नाही

मागावर मॉनिटर बसवावा काय, असे आमचे कारखानदार बंधू हल्ली विचारतात. विक्रेता येतो, छोटी पेटी दाखवितो, मोबाईलवर आकडे दाखवितो आणि भाव सांगतो. पेटीला चार, सहा किंवा आठ इनपुट असतात. बसविताना मात्र पुष्कळदा एकच तार जोडली जाते, ती म्हणजे माग फिरतो की नाही एवढे सांगणारी. बाकीची टर्मिनले रिकामी राहतात. माझे स्पष्ट मत आहे की, एका तारेच्या मॉनिटरने कारखान्याचा फायदा थोडा होतो आणि भांडण मात्र वाढते.

मी कापडाचा व्यापारी आहे. सूत आमचे, माग कारखानदाराचा आणि विणाई मजुरीवर, असा आमचा व्यवहार आहे. म्हणून या हिशेबात माझाही स्वार्थ गुंतला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

समजा, साधा माग मिनिटाला 160 पिक चालतो आणि कापड इंचाला 60 पिकचे आहे. एका मीटरला साधारण 2,362 पिक लागतात. बारा तासांच्या पाळीत माग एक क्षणही न थांबता चालला, तर जवळपास 49 मीटर कापड निघेल. प्रत्यक्षात निघाले 34 मीटर. म्हणजे 720 मिनिटांपैकी सुमारे 218 मिनिटे माग उभा होता. एका तारेचा मॉनिटर शेठला सांगतो, "सत्तर टक्के." शेठ कामगाराकडे पाहतो. पण ही साडेतीन तासांहून अधिक वेळ गेली कोठे? ताणा तुटत होता काय? वीज गेली होती काय? जॉबर दुसऱ्या शेडमध्ये होता काय? की एकच कामगार चार-सहा माग सांभाळतो आणि दोन माग एकदम थांबले? याचे उत्तर त्या आकड्यात नाही. कामगाराची मजुरी मीटरवर असल्याने त्याचे नुकसान तर आधीच झालेले असते, वर आळशीपणाचा ठपका येतो. ताणा कच्चा होता, म्हणजे माल आम्ही व्यापाऱ्यांनी दिलेला खराब होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून कारणांच्या तारा वेगळ्या जोडल्या पाहिजेत. पहिली तार पिक मोजणाऱ्या सेन्सरची, दुसरी बाण्याच्या फोर्कची, तिसरी ताण्याच्या ड्रॉपरची, चौथी विजेची. पाचवी तार एका बटणाची असावी. कामगार मागापाशी पोहोचला की ते दाबील, म्हणजे माग किती वेळ वाट पाहत उभा होता आणि दुरुस्तीला किती वेळ लागला, हे दोन्ही निराळे कळेल. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तार हीच आहे, आणि विक्रेते तिचे नावही घेत नाहीत.

रॅपियर मागावर हे काम सोपे आहे. तेथे ताणा आणि बाणा तुटल्याचे निरनिराळे दिवे लागतात, तेथूनच सिग्नल घेता येतो. मात्र दिव्याचा व्होल्टेज आधी मोजावा. मॉनिटरचा इनपुट बहुधा 24 व्होल्ट डीसीचा असतो. त्यात 230 व्होल्ट गेले तर पेटी जळेल. मध्ये रिले टाकावा.

आमच्या साध्या मागांवर अडचण निराळी आहे. पुष्कळ मागांना ताण्याचे ड्रॉपरच नाहीत. 2017 साली भिवंडीतून सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साध्या मागांच्या सुधारणेसाठी अनुदान होते. ज्यांनी त्या वेळी वार्प स्टॉप आणि वेफ्ट स्टॉप मोशन बसविली, त्यांच्या मागांवर सिग्नलची सोय आहे. इतरांनी ताण्यासाठीही बटणच लावावे. पण आठ-दहा बटणांची पाटी लावू नये. कामाच्या घाईत माणूस हाताजवळचे बटण दाबतो. ताणा, जॉबर आणि पोहोचलो, एवढी तीन पुरेत.

आता तारा जोडल्या म्हणजे काम झाले, असे नाही. पेटीत जी सेटिंग करावी लागते, तेथे खरी गोम आहे. बाण्याचा फोर्क फक्त एक झटका देतो. त्यानंतर माग थांबतो, आणि काही सेकंद पिक आला नाही की मग पेटी 'बंद' अशी नोंद करते. म्हणजे कारण आधी येते आणि बंद नंतर कळते. पेटीने तो झटका धरून ठेवला नाही, तर बंदची नोंद विनाकारण पडते. तसेच माग थांबल्यावर कामगार हात घालतो, धागे हलतात, एखादा ड्रॉपर पडतो. शेवटचा सिग्नल कारण धरला तर बाण्याचा दोष ताण्यावर जाईल. म्हणून जो सिग्नल पहिला आला तोच कारण धरावा, अशी सेटिंग विक्रेत्याकडून समोर बसून करून घ्यावी. वीज गेल्याची नोंद मात्र या सर्वांच्या वर असावी. त्यासाठी पेटीला आणि सेन्सरला बॅटरीचा आधार हवा, नाहीतर वीज गेली की पेटीही झोपते.

साध्या मागावर आणखी एक गंमत आहे. कांडी संपली तरी फोर्क तोच झटका देतो. बाणा तुटला आणि कांडी संपली, पेटीला दोन्ही सारखेच. मग महिनाअखेर कारखानदार मला सांगणार, "तुमचा बाणा दिवसाला शंभर वेळा तुटतो!" यावर उपाय आहे. भरलेली कांडी साधारण किती पिक चालते, हे प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असते. कांडी बदलल्यापासून तेवढ्या पिकच्या आसपास थांबा आला तर तो कांडीचा धरावा, फार आधी आला तर तुटल्याचा. चांगल्या पेटीत हा आकडा भरता येतो. नसेल भरता येत, तर ती पेटी साध्या मागासाठी घेऊ नये.

पिकच्या सेन्सरचेही असेच आहे. क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक. खालच्या शाफ्टचा एक फेरा म्हणजे दोन पिक. सेन्सर खाली बसविला आणि पेटीत दोनाने गुणले नाही, तर कामगाराचे अर्धे कापड हवेत गेले. उलट झाले तर शेठ दुप्पट पाहून खूश होईल, तो फोल्डिंगच्या टेबलापर्यंत. कापड मोजून आकडा जुळवून घेतल्याशिवाय मजुरीचा हिशेब पेटीवर करू नये.

सिग्नलची थरथर गाळण्यासाठी पेटीत फिल्टर असतो. मिनिटाला 160 पिक म्हणजे एका पिकला 375 मिलिसेकंद. पण शाफ्टवरील लोखंडी पट्टी सेन्सरसमोर फेऱ्याचा दहावा भागच राहिली, तर सिग्नल जेमतेम 37 मिलिसेकंदांचा होतो. फिल्टर 50 वर ठेवला तर एकही पिक मोजला जाणार नाही. बटणाला 50 योग्य, सेन्सरला पाच-दहा पुरे. प्रत्येक इनपुटचा फिल्टर स्वतंत्र ठेवता येतो काय, हे खरेदीपूर्वी विचारावे.

सेन्सर घेताना सर्व एकाच जातीचे घ्यावेत, एनपीएन तरी किंवा पीएनपी तरी. तपकिरी तार प्लस, निळी मायनस आणि काळी सिग्नलची, हे दोन्हींत सारखेच, म्हणून वायरमन फसतो. एनपीएन सिग्नलला मायनस देतो, पीएनपी प्लस. पेटीचा कॉमन त्याप्रमाणे जोडावा लागतो. उलटसुलट झाले तर बहुधा काही जळत नाही, पण आकडाही हलत नाही. सिग्नलची तार मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये, आणि प्रत्येक तारेला नंबर घालावा. आमच्या शेडमधील कापसाची धूळ एका महिन्यात सर्व रंग सारखे करते.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. पेटी बाहेरून रविवारची सुट्टी भरून आली असेल, तर दर शुक्रवारी सर्व कामगार गैरहजर दिसतील. हेही तपासावे.

या सर्वांचा खर्च वाढेल, अशी तक्रार होईल. वाढेल, पण पेटी तर तीच आहे. वाढतात ते दोन-तीन सेन्सर, रिले, बटणे आणि एका दिवसाची वायरमनची मजुरी. सर्व माग एकदम करू नयेत. चार मागांवर पूर्ण तारा जोडून दोन बीम उतरेपर्यंत पाहावे. आणि पेटीचा डिस्प्ले कामगाराला दिसेल असा लावावा. ज्याच्याविषयी नोंद होते, त्याला ती वाचता आली पाहिजे, त्याच क्षणी हरकत घेता आली पाहिजे. मालकाच्या मोबाईलमध्येच आकडे राहणार असतील, तर कामगार बटण दाबणार तरी कशासाठी?

व्यापारी बंधूंना हे रुचणार नाही, पण आपणही या हिशेबात यावे. सौदा करतानाच ठरवावे की, ताण्याचे थांबे लाख पिकमागे इतक्यांच्या वर गेले तर नुकसानीचा वाटा सूत देणाऱ्याचा. कोणत्या गिरणीचे सूत तुटते, साइझिंग कोठे कच्चे होते, हे मग आपल्यालाही पुराव्यानिशी सांगता येईल. त्यासाठी प्रत्येक थांब्याबरोबर बीमचा नंबर नोंदला गेला पाहिजे, आणि तो बीम चढवितानाच पेटीत टाकून घ्यावा. नंतर टाकू म्हटले की कोणी टाकीत नाही.