रविवारची फुरसत आणि दोरीची वाटी



ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या टेबलावर दोरीची छोटीशी वाटी पाहिली. टाचण्या, रबर ठेवायला तिने स्वतः शिवलेली. दिवसभर खाती जुळवणाऱ्या माझ्या हातांनाही एवढे जमावे, असे वाटले आणि येताना सात मीटर सुती दोरी घेऊन आले. घरी पिशवीतून वेटोळे काढले, तर आईचा चेहरा उतरला.

"ह्यो दोर कशापायी आणलास गं घरात?"

आई आता पंचाहत्तरीची आहे. १९५६ साली धम्मदीक्षा झाली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. तिला आठवतो तो आजोबांच्या खांद्यावरचा दोर. गावात कुणाचे ढोर मेले की सांगावा यायचा आणि आजोबा भरल्या ताटावरून उठायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी तो दोर ओढ्याकाठी जाळला. त्यापायी पुढे किती दिवस गावाने दळण बंद केले, ते आई अजून सांगते.

"माझ्या बापानं दोर जाळला, आन तू बी.कॉम. हून दोर घिऊन बसतीस?"

मला उत्तर सुचले नाही. दोरी आठ दिवस कपाटावर पडून राहिली.

त्या आठ दिवसांत मी बराच विचार केला. १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्र असेल तर माणसाला फुरसत मिळते आणि फुरसत असेल तरच तो जनावरासारखे राबणे सोडून संस्कृतीचे जीवन जगू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मग यंत्रावर वळलेली दोरी विकत आणून हाताने शिवत बसणे म्हणजे उलटी वाट नाही का? मला आधी तसेच वाटले. पण मिळालेल्या फुरसतीत काय करायचे, हे तरी आपले आपण ठरवायचे ना? बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. आजोबांच्या दोरावर गावाचा हुकूम होता. माझी दोरी मला मध्येच खाली ठेवून उठता येते, बिघडली तर उसवता येते, नको वाटली तर टाकून देता येते. आईला एवढेच सांगितले. ती काही बोलली नाही, पण रविवारी दोरी खाली काढली तेव्हा अडवलेही नाही.

आता कृती सांगते. दोरी सुतीच घ्या. नायलॉनची सुईला दाद देत नाही आणि टाका सरकतो. जाडी साधारण करंगळीच्या निम्मी असावी. चार-पाच इंच तळाच्या वाटीला सहा-सात मीटर दोरी लागते. गोधडी शिवायची सुई आणि दुहेरी जाड धागा हवा. दोरीचे टोक सुटू नये म्हणून त्यावर आधी धागा गच्च गुंडाळा. मग चकली घालतो तशी दोरी टोकाभोवती फिरवा आणि शेजारच्या दोन वेढ्यांच्या पोटातून सुई काढत बोट-बोट अंतरावर टाके घाला. तळ टेबलावर सपाट ठेवूनच शिवायचा. हातात धरून शिवला आणि धागा जास्त ओढला, तर तो मध्येच फुगून येतो. माझी पहिली वाटी अशीच टोपीसारखी झाली, ती उसवली.

तळ झाला की पुढचा वेढा बाजूला न लावता आधीच्या वेढ्यावर चढवायचा. इथून भिंत उभी राहते. आकार चुकत असेल तर आत स्टीलची वाटी ठेवून तिच्याभोवती शिवा. नऊ-दहा वेढे पुरतात. शेवटचे टोक तिरके कापून आतल्या बाजूला दाबून शिवले की वाटी झाली. ओले पदार्थ तिच्यात ठेवू नका. पावसाळ्यात सुताला बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून ऊन दाखवा.

एक गोष्ट मात्र बोलून टाकते. आपल्या घरात पुरुषांची फुरसत चहाबरोबर सुरू होते, बाईची भांडी घासून झाल्यावर, तीही झाली तर. म्हणून हे काम मुलींच्या गळ्यात घालू नका, मुलांनाही बसवा. माझ्या घरी मुलाचे टाके मुलीपेक्षा सरळ येतात. आणि त्या तासात भांडी कोणी घासायची, तेही आधी ठरवून घ्या.

दुसरी वाटी गॅलरीसाठी केली, जरा मोठी. तिच्यात थेट माती घालायची नाही, दोरी कुजते. रंगाच्या रिकाम्या डब्याला खालून भोके पाडून त्यात रोप लावायचे आणि डबा एका बशीसकट वाटीत बसवायचा. आमच्याकडे पानओवा आणि पुदिना आहे. पुदिन्याची जुडी बाजारातून आणली की चार जाड काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या, आठवडाभरात मुळे फुटतात. धने मात्र हलके रगडून दोन फाका करून पेरा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. तिसऱ्याच दिवशी माती उकरून बघायची सवय आमच्या मुलीला आहे, त्यामुळे आमची कोथिंबीर अजून भाजीला पुरेशी झालेली नाही.

गेल्या रविवारी आई शेजारी येऊन बसली. माझे टाके थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "गोधडीला असला टाका घातला असता तर सासूनं उसवाय लावला असता." मग आत जाऊन तिचे एक जुने, विरलेले पातळ घेऊन आली. त्याच्या पट्ट्या फाडल्या, तीन पदरी वेणी घातली आणि चुंबळ वळावी तशी गुंडाळत शिवायला लागली. दोरीला तिने हात लावला नाही. मीही लावायला सांगितला नाही.

तिची वाटी निळ्या-हिरव्या रंगाची झाली आहे. एका बाजूला कलंडते. तिच्यात ती चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या ठेवते, आणि मुलांनी हात लावला की ओरडते.