पडून राहिलेल्या ग्रंथांचे मोल

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्यास कोपर्निकसचे नाव आहे. या खगोलवेत्त्याने नाणेपद्धतीवरही प्रबंध लिहिला होता, हे साहित्याच्या अभ्यासकांस सहसा आठवत नाही. नाण्यावर छापलेली किंमत आणि त्याचे खरे मोल यांत अंतर पडले की चोख नाणे व्यवहारातून नाहीसे होते, असा त्याचा निष्कर्ष होता. याच मार्गाच्या टोकाशी, रवींद्र भवनात, १९५४ साली स्थापन झालेली साहित्य अकादेमी आहे. चोवीस भाषांतील ग्रंथ प्रकाशित करणाऱ्या अशा संस्थेने प्रती किती छापाव्यात आणि न खपलेल्या प्रतींचे मोल काय धरावे, हा प्रश्न आपण हिशेबनिसांचा मानतो. परंतु तो मुळात साहित्याचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मालसाठ्याच्या अर्थशास्त्रातील सर्वपरिचित प्रतिमान वृत्तपत्रविक्रेत्याचे होय. सकाळी किती अंक घ्यावेत? उरलेल्या अंकांचा तोटा आणि अंक कमी पडल्याने बुडालेला नफा यांचा तोल साधेल तेवढे. १९५१ साली ॲरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी साठ्याच्या इष्टतम धोरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा साठा संपल्याने होणाऱ्या हानीस त्यांनी गणितात स्वतंत्र स्थान दिले. व्यापारी हिशेबात ही हानी म्हणजे केवळ गमावलेली विक्री. परंतु कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद हवा असलेल्या संशोधकास तो मिळाला नाही, तर विषयच बदलतो, तुलनाच राहून जाते. ही हानी कोणत्याही खातेवहीत नोंदली जात नाही. शिवाय कालचे वृत्तपत्र आज रद्दी होते, ग्रंथ होत नाही.

हिशेबशास्त्राचा नियम असा, की साठ्याचे मूल्य उत्पादनखर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य किंमत यांपैकी जे कमी असेल ते धरावे. सावध व्यापाऱ्यास तो योग्यच आहे. मात्र त्याचे परिणाम कोठवर पोहोचतात, हे १९७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉर पॉवर टूल कंपनीच्या खटल्यात दिलेल्या निर्णयानंतर दिसले. माल प्रत्यक्ष विकल्याशिवाय अथवा मोडीत काढल्याशिवाय केवळ अंदाजाने त्याची किंमत घटवून करात सवलत मागता येणार नाही, असा त्याचा आशय होता. खटला हत्यारांच्या सुट्या भागांचा. पण संथपणे खपणारी पुस्तके सांभाळण्यापेक्षा ती स्वस्तात फुंकून टाकणे वा त्यांचा लगदा करणे परवडते, अशी तेथील प्रकाशकांची तक्रार त्यानंतर सुरू झाली.

मत्तेच्या मूल्याचा सिद्धांत सांगतो, की कोणत्याही मत्तेची आजची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या लाभाचे वर्तमान मूल्य. सारा खेळ वटावाच्या दराचा आहे. तीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये दहा टक्के दराने आज पावणेसहा रुपयांचेही भरत नाहीत. तीन टक्के दराने ते एक्केचाळीस रुपयांहून अधिक भरतात. कर्ज काढून छापणाऱ्या खाजगी प्रकाशकास पहिला दर सुटत नाही. सार्वजनिक संस्थेने मात्र तोच दर का स्वीकारावा? मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती ११८ वर्षांनी, १९७५ साली, पुण्यात पुन्हा छापली गेली. ज्ञानकोशकार केतकरांनी मर्यादित कंपनी काढून, भाग विकून ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्या खंडांपासून मराठी समाजास झालेला लाभ भागधारकांच्या लाभांशावरून मोजावयाचा म्हटल्यास उत्तर हास्यास्पद येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. गुदामास भाडे पडते, कागदास वाळवी लागते, आणि अडकलेल्या पैशातून नवा ग्रंथ निघू शकला असता. आक्षेप खरा आहे. न वाचल्या जाणाऱ्या प्रतींचे ढीग रचणे म्हणजे साहित्यसेवा नव्हे. कित्येकदा तो ग्रंथनिवडीतील आणि वितरणातील आळसाचा पुरावा असतो. ग्रंथालीने वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तके काढली, तेव्हा हीच जोखीम वाचकांनी वाटून घेतली. आता मागणीनुसार दहावीस प्रती छापण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. त्यामुळे साठा कमी ठेवता येईल. परंतु ग्रंथ मिळण्याची हमी आपोआप मिळणार नाही. ती कोणी तरी पत्करावी लागते.

म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रकाशनसंस्थांचे मूल्यमापन वर्षाकाठी किती प्रती खपल्या एवढ्यावरून होऊ नये. आजवर प्रकाशित केलेल्या ग्रंथांपैकी किती आज मागताक्षणी मिळतात, हा आकडा त्यांनी दरवर्षी भाषावार जाहीर करावा, आणि तो मागण्याचे काम विद्यापीठांतील भाषाविभागांनी करावे. ज्यास मागणी नाही ते विकले जात नाही, हे खरे. पण जे मिळतच नाही त्यास मागणी निर्माण होणार कोठून?