नफ्याचे आकडे आणि उद्याची बेगमी

चिप बनविणाऱ्या अमेरिकेतील इंटेल कंपनीच्या ढोबळ नफ्याचे प्रमाण २०१८ साली विक्रीच्या सुमारे ६२ टक्के होते. २०२४ साली ते ३३ टक्क्यांच्या आसपास आले आणि कंपनीला १८ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. लाभांश थांबला, पंधरा हजारांवर नोकऱ्यांवर गदा आली आणि प्रमुख पॅट गेलसिंगर यांना पायउतार व्हावे लागले. यावरून गुंतवणूकदारांत दोन तट पडले. कारखाने विकून केवळ आराखडे करावेत, असे एकांचे म्हणणे. कारखाने हेच कंपनीचे खरे बळ, असे दुसऱ्यांचे.

पहिला गट प्रतिस्पर्धी एएमडीकडे बोट दाखवतो. एएमडीने २००९ साली आपले कारखाने वेगळे केले, पुढे उत्पादन तैवानच्या टीएसएमसीवर सोपविले आणि २०१७पासून 'रायझेन' चिपच्या बळावर इंटेलचे ग्राहक ओढून घेतले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. मात्र कारखाने सोडल्यापासून यश मिळेपर्यंत आठ वर्षे गेली, २०१५ साली एएमडीचा समभाग दोन डॉलरच्याही खाली होता, याचा सोयीस्कर विसर पडतो.

इंटेलची घसरणही तोट्याच्या वर्षी सुरू झालेली नाही. आयफोनसाठी चिप देण्याची संधी आली, तेव्हा देऊ केलेली किंमत अपेक्षित खर्चापेक्षा कमी म्हणून ती नाकारली गेली. खर्चाचा तो अंदाज चुकीचा ठरला, हे तत्कालीन प्रमुख पॉल ओटेलिनी यांनीच २०१३ साली मान्य केले. पुढे दहा नॅनोमीटरचे तंत्र वर्षानुवर्षे रखडले. त्याच काळात अब्जावधी डॉलर स्वतःचे समभाग परत विकत घेण्यात खर्ची पडले. ताळेबंद मात्र साठ टक्क्यांची ग्वाही देतच होता!

नफ्याचे प्रमाण कालच्या कष्टांचे फळ सांगते, उद्याची पेरणी झाली की नाही हे सांगत नाही. म्हणून विचारायचे ते हे, की नव्या कारखान्यातील प्रत्येक चकतीमागे निर्दोष चिप किती निघतात आणि त्या घ्यायला बाहेरचे ग्राहक येतात का? उत्तर नकारार्थी असेल, तर कारखान्यांचा अभिमान व्यर्थ आहे. होकारार्थी असेल, तर आजचा तुटपुंजा नफा ही बेगमीच होय.

भारतानेही डिसेंबर २०२१मध्ये ७६ हजार कोटींची योजना मंजूर करून या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. धोलेऱ्याच्या कारखान्याचे मूल्यमापन करताना पहिल्या काही ताळेबंदांवरून निकाल देण्याचा मोह आपल्यालाही टाळावा लागेल.