पीडीएफमधली पारदर्शकता

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या टीमकडे एक वेबसाइट करायला आली. काँगोमधल्या (किन्शासा ज्याची राजधानी आहे, तो काँगो) खाणींचा कारभार सुधारावा म्हणून परदेशी मदतीवर चाललेला एक प्रकल्प होता. त्याच्या ‘कम्युनिकेशन्स’ विभागाचं हे काम. निधी देणाऱ्यांचे लोगो किती पिक्सेलचे हवेत आणि कोणत्या क्रमाने यायला हवेत, यावर मागणीपत्रात दीड पान होतं. खाणीशेजारी राहणाऱ्या माणसाला या साइटवरून काय कळलं पाहिजे, यावर एक ओळही नव्हती.

तेव्हा हसू आलं होतं. आता राग येतो. कारण अशा प्रकल्पांमधलं ‘कम्युनिकेशन’ ज्यांच्या नावाने प्रकल्प चालतो त्यांच्याशी बोलतच नाही. ते पैसे देणाऱ्यांशी बोलतं, आणि त्यालाच पारदर्शकता म्हणतं.

लपवण्यासारखं तिथे काही आहे, असंही नाही. जगभरच्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के काँगोतून येतो, तोही मुख्यतः कोल्वेझीच्या पट्ट्यातून. तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीतही तो असण्याची शक्यता मोठी. २०१८मध्ये काँगोने खाणकायदा बदलला. रॉयल्टीचा अर्धा भाग केंद्राला, २५ टक्के प्रांताला, १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठीच्या निधीला आणि १५ टक्के थेट स्थानिक संस्थेला. स्थानिक संस्था म्हणजे आपल्याकडची नगरपालिका किंवा पंचायत धरा. आधीच्या कायद्यातही स्थानिक वाटा होताच, पण तो राजधानीतून खाली यायचा आणि वाटेतच अडकायचा. आता कंपनीने तो परस्पर स्थानिक खात्यात भरायचा आहे.

म्हणजे कोल्वेझीतल्या माणसाला खरं तर एकच आकडा हवा : यंदा आमच्या खात्यात किती आले? तो कळला की पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारेल, की मग शाळेचं छप्पर का गळतंय.

असे आकडे आम्हाला अपलोड करायला दिलेल्या अहवालात होते. मागच्या परिशिष्टात, फ्रेंचमध्ये, स्कॅन केलेल्या पीडीएफच्या आडव्या तक्त्यात. सर्च करूनही सापडणार नाहीत असे. होमपेजवर मात्र सूर्योदयाच्या वेळी ड्रोनने टिपलेल्या खाणीचा व्हिडिओ. तो मीच बसवला. तिथल्या साध्या फोनवर तो उघडेपर्यंत महिन्याचा डेटा संपला असता.

मी कॉलवर सुचवलं, एक पान स्वाहिलीत करू. त्या पट्ट्यात लोक स्वाहिली बोलतात. उत्तर आलं, “छान कल्पना आहे, दुसऱ्या टप्प्यात बघू.” मग म्हटलं, निदान रेडिओसाठी दोन मिनिटांचं निवेदन करू. तर म्हणे रेडिओचे क्लिक मोजता येत नाहीत, आणि प्रगती अहवालात डाउनलोड, फॉलोअर आणि कार्यशाळेची उपस्थिती भरावी लागते. जे मोजता येतं तेच काम, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंच पाप म्हणा.

यावर नेहमीचं उत्तर असतं की तिकडे इंटरनेट कुठे आहे? अहो, मग वेबसाइट का केली? त्याच देशात संयुक्त राष्ट्रांनी आणि फोंदासियों हिरोंदेल या संस्थेने २००२मध्ये सुरू केलेला ‘रेडिओ ओकापी’ फ्रेंचसोबत लिंगाला, स्वाहिली, चिलुबा आणि किकोंगोमध्ये बोलतो. रस्ता तयार आहे. नियमही आहे. खाणी आणि तेलाच्या पैशाच्या पारदर्शकतेसाठी २००२मध्ये जोहान्सबर्गला टोनी ब्लेअर यांनी जाहीर केलेला, आज ऑस्लोतून चालणारा ‘ईआयटीआय’ हा उपक्रम काँगोत आहे. त्याचे निकषच सांगतात की माहिती लोकांना समजेल अशी आणि योग्य त्या भाषांत हवी.

पैसे देणाऱ्याला हिशेब द्यायलाच हवा, हे मला मान्य आहे. तो त्याला ईमेलने द्या. त्याला जनसंवाद म्हणू नका.

हे सगळं आफ्रिकेचं म्हणून सोडून देऊ नका. माझं आजोळ विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यात आहे. २०१५च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही खाणवाले जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसे भरतात. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या नव्यांवर १० टक्के. मामांना फोनवर विचारलं, तुमच्या गावाला त्यातले किती आले? ते म्हणाले, “आम्हाले कोण सांगते बाप्पा?”

साइट सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याचा ट्रॅफिक रिपोर्ट मीच काढला. युरोप-अमेरिकेतल्या राजधान्या वर होत्या, खाली थोडं किन्शासा. पुण्याचा नंबर बराच वरचा होता, कारण टेस्टिंग आम्हीच करत होतो. कोल्वेझी शोधायला बरंच खाली जावं लागलं.

दर तिमाहीला एक आकडा, स्वाहिलीत, स्थानिक रेडिओवर आणि बाजारातल्या फळ्यावर. पुढचं असं काम आलं तर मागणीपत्रात लोगोंच्या आधी हे वाक्य घाला, असं मी लेखी सांगणार आहे. काम जाईल कदाचित.

प्रकल्प गेल्या वर्षी संपला. समारोपाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आमच्या होमपेजचा स्क्रीनशॉट आहे. स्वाहिली पानाचं तिकीट आमच्या बोर्डावर अजून ‘बॅकलॉग’मध्ये पडलेलं आहे, माझ्याच नावावर.